वाळा नंबर सतरा

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. जुनी म्हटलं, म्हातारी नाही. मला म्हातारी म्हणायचा हक्क या जगात एकाच बाईला आहे आणि तिची ओळख पुढे होईल. तुम्ही मला आजी म्हणा, नाहीतर सतरा नंबर म्हणा. माझ्या डाव्या पायात पिवळा वाळा आहे आणि त्यावर तो आकडा आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला वाचता येतात ती दोनच अक्षरं, एक आणि सात. पण तेवढ्यावर मी जे शिकले ते काही जणांना जाडजूड पुस्तकं वाचूनही कळलेलं नाही. नावं घेत नाही. मोठे साहेब पुढे येणारच आहेत.

माझा जन्म उबवणीच्या यंत्रात झाला. डोळे उघडल्यावर आई समजून मी जिच्याकडे धावले, तो छताला टांगलेला एक दिवा निघाला. तरी माझी तक्रार नाही. ऊब भरपूर होती आणि ओरडणं अजिबात नव्हतं. त्या एका दिवशी आमच्या घराण्यात दोन हजार पिल्लं जन्मली. एवढं मोठं घराणं तुमच्या ओळखीत कोणाचं असेल तर मला दाखवा.

पाच महिन्यांची तरणी तलंग झाले तेव्हा एक बाई आम्हाला बघायला आली. अंगात पांढरा डगला, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मनगटावर मोठं घड्याळ. ती जनावरांची डॉक्टर होती. पुढे सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. मी मान ताठ केली, तुरा वर केला आणि तिच्यासमोरून दोनदा चालून दाखवलं. तिने मला उचललं, पंख पसरला आणि म्हणाली, "वा! हिची शीर छान दिसते."

शीर! लोक चाल बघतात, पिसांचा रंग बघतात. मला पसंत केलं ते पंखाखालच्या शिरेवरून.

तिने तिथेच माझं थेंबभर रक्त काढून नेलं आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की हिचं रक्त कोरं आहे, हिला पाठवा. मला वाटलं, कोरं म्हणजे खानदानी. खरा अर्थ फार पुढे कळला. तो तुम्हीही लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

आम्हा सहा जणींना गावाबाहेरच्या पाणथळीवर नेलं. सगळीकडे उंच गवत, त्यात साचलेलं पाणी, त्यावर दूरदेशाहून येणारे पाहुणे पक्षी. बांधावर दोन खोल्यांचं संशोधन केंद्र होतं. एका खोलीत शीतकपाट आणि काचेच्या नळ्या, दुसरीत टेबल आणि कागद. मागे राखणदाराचं घर आणि घराशेजारी पाण्याची सिमेंटची टाकी. आणि पाण्याच्या अगदी काठाला, चार खांबांवर उभा केलेला आमचा जाळीचा पिंजरा. त्याच्या दारावर डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती : कडी लावायची, वर तार पिळायची.

पहिल्याच संध्याकाळी डास आले. एक-दोन नाही, ढगच. तुऱ्याला चावले, पायाला चावले, डोळ्याच्या कडेला चावले. मी बोंब ठोकली. राखणदार काका बाहेर आले, पिंजऱ्यात डोकावले आणि घरात ओरडून म्हणाले, "अगं, कामाला लागल्या बरं का पोरी!"

तेव्हा मला समजलं की डासांकडून चावून घेणं हीच माझी नोकरी.

का, ते मी एकदा शाळेची मुलं केंद्र बघायला आली तेव्हा ऐकलं. डॉक्टरीणबाई त्यांना सांगत होत्या, "माणसाला होणारे कितीतरी नवे आजार आधी प्राण्यांत किंवा पक्ष्यांत असतात. इथल्या पाहुण्या पक्ष्यांच्या रक्तात एका तापाचा विषाणू कधीकधी येतो. डास पक्ष्याला चावतो, मग तोच डास माणसाला चावतो. बहुतेकांना काही होत नाही, काहींना ताप येतो आणि एखाद्याच्या मेंदूला सूज येते. ताप गावात शिरायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. म्हणून या कोंबड्या. डास यांनाही चावतो. या आजारी पडत नाहीत, यांच्यापासून कोणाला लागणही होत नाही, पण यांच्या रक्तात खूण उमटते. दर सोमवारी आपण ती खूण शोधतो."

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "पण त्यांना त्रास होत नाही का?"

"त्यांना काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काही होत नाही म्हणे! मग खाजवत कोण होतं? पण त्या दिवसापासून मी नुसती कोंबडी राहिले नाही. मी पहारेकरीण झाले. पुढे गाव झोपलेलं आणि वेशीवर मी उभी. बाकीच्या पाच जणींना मी सांगून टाकलं की उद्यापासून दाण्याला आधी मी, पाण्याला आधी मी आणि दांडीवर वरची जागा माझी. सतरा म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, हे त्यांनाही पटलं. न पटून करतात काय?

सोमवारी डॉक्टरीणबाई शहरातून यायच्या. काका मला धरायचे, बाई पंख पसरून सुई लावायच्या. "घाबरू नको गं राणी, झालंच," असं म्हणायच्या. मी काय घाबरते! पण सुई टोचली की मी त्यांच्या घड्याळाच्या काचेवर एकदा चोच मारायचे. एकदाच. टोचल्याची पोच. पाच जणी किंचाळायच्या, मी पोच द्यायचे. घराणं असं दिसून येतं.

पहिला मोसम कोरा गेला. दुसऱ्या मोसमात एका सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला आणि काका अंगणात पळत येऊन ओरडले, "सतराला खूण लागली!" मग बघायचं होतं तुम्ही. गावात दवंडी, शाळेत चिठ्ठ्या, गटारांवर तेल, कुंड्यांखालच्या बशा उपड्या, सगळे पूर्ण बाह्यांत, झोपायला मच्छरदाण्या. त्या वर्षी पलीकडच्या दोन गावांत तापाने माणसं आडवी झाली. आमच्या गावात एकही नाही. वर्तमानपत्रात बातमी आली : कोंबडीने गाव वाचवलं. सोबत फोटो. मी मान पुढे करून बघितला. फोटोत डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या हातात पंधरा नंबर!

ती पंधरा, जी स्वतःच्या सावलीला घाबरायची. आयत्या बिळावर नागोबा, तो असा. पण जाऊ दे. मी कुठे मनात ठेवते? चौथं वर्ष आहे, एवढंच.

आता तो 'कोरं' शब्दाचा अर्थ. एकदा रक्तात खूण उमटली की ती जन्मभर जात नाही. म्हणजे पुढच्या वर्षी ताप परत आला तरी माझ्या रक्तावरून कळणार कसं? खूण तर आधीचीच दिसणार. घंटा एकदा वाजली आणि वाजतच राहिली, तर तिला घंटा कोण म्हणेल? म्हणून नियम असा की जिला खूण लागली तिने पिंजरा सोडायचा.

गाव वाचवल्याचं बक्षीस काय, तर घरी बसा.

राखणदारांच्या काकूंनी मला मागून घेतलं. पाण्याच्या टाकीखाली एक खोकं उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "ये म्हातारे, इथे पड." हीच ती हक्काची बाई. काकू रोज चारला पत्र्याचं झाकण उलथन्याने तीनदा वाजवायच्या आणि हाक मारायच्या, "म्हाताऱ्येऽऽ!" मी जायचे. जाताना मात्र मुद्दाम सावकाश, कोणाची लगबग नको दिसायला. काकूंचं माझं पटायचं नाही. दोघींनाही दांडीवर वरची जागा हवी. मी त्यांच्या वाळवणावर चालायचे, त्या मला खराट्याने हाकलायच्या आणि संध्याकाळी दोघी शेजारी बसून पाण्याकडे बघायचो.

पण खरं सांगू, मित्रांनो? पुढच्या मोसमाला बाकीच्या पाचही जणींना हलवून पिंजऱ्यात नव्या सहा जणी आणल्या. एकतीस ते छत्तीस. दर सोमवारी डॉक्टरीणबाई यायच्या, माझ्या टाकीवरून सरळ पुढे जायच्या आणि त्या पोरींना "राणी" म्हणायच्या. ते ऐकलं की मी समोरचे दाणे टाकून खोक्यात जाऊन बसायचे.

आणि मग तो शनिवार आला.

काका भला माणूस. दोनच दोष. एक, ते काकूंना घाबरायचे आणि दोन, रेडिओवर सामना लागला की त्यांना जग दिसायचं नाही. कडी लावायची आणि तार पिळायची तेवढ्यात तिकडे कोणीतरी बाद झालं की काका कडी नुसती टेकवून आत पळायचे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा पकडलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाल्या होत्या, "काका, तिसऱ्यांदा असं झालं तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. मला ते आवडणार नाही, पण शोधेन."

शनिवारी सामना रंगला. आमचे लोक जिंकले. आणि मुंगसाने एकतीस नंबर नेली.

रविवारी सकाळी काका पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले होते. हातात एकतीसचा वाळा आणि चार पिसं.

"अहो, बाईंना सांगून टाका," काकू म्हणाल्या. "रागावतील आणि संपेल."

"संपेल ते माझंच संपेल ना! बावीस वर्षं झाली मला इथे."

"मग कडी लावायला काय हात झिजत होते?"

"शेवटचं षटक होतं गं!"

काकांची नजर हळूहळू टाकीकडे वळली. टाकीखाली मी.

"हिचा रंग अगदी तसाच आहे," काका म्हणाले.

"काही भलतं करू नका," काकू म्हणाल्या.

"कोंबडी ती कोंबडी. पिंजऱ्यात सहा दिसल्या म्हणजे झालं."

मित्रांनो, बावीस वर्षं त्या केंद्रात राहिलेला माणूस, दर सोमवारी रक्त काढताना कोंबडी धरून बसणारा माणूस! पण रक्तात काय शोधतात हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याचं काम धरायचं, शोधायचं बाईंचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण मला तर माहीत होतं. ती खूण कसली, ती जात का नाही, सगळं मी शाळेच्या पोरांबरोबर ऐकलं होतं. मी पळून जायला हवं होतं. गेले का? नाही. काकांनी उचललं तेव्हा मी मान ताठ केली. वरची दांडी, सोमवारची सुई, "राणी" म्हणणं, सगळं परत मिळणार होतं. मानाचं पान कोणाला नको असतं? माझीही लबाडी त्यात होती, ती मी लपवत नाही.

काकांनी सतरा नंबरचा वाळा काढून खिशात टाकला. एकतीसचा वाळा माझ्या पायात जाईना. तो पोरीबाळींच्या मापाचा, माझा पाय अनुभवाचा. शेवटी साबण लावून चढवला. काकूंनी तोंड फिरवलं.

सोमवारी डॉक्टरीणबाई घाईत होत्या. तोंडावर पट्टी, डोळे कागदावर. "एकतीस," काका म्हणाले, आवाज जरा पातळ. बाईंनी पाय बघितला, आकडा लिहिला, पंख पसरला.

"आठ दिवसांत चांगलीच भरली हो ही!"

"खाते फार," काका म्हणाले.

सुई टोचली. मी सवयीने घड्याळावर एकदा चोच मारली.

"अरे! हीसुद्धा घड्याळाला चोच मारते," डॉक्टरीणबाई हसल्या आणि बत्तीसकडे वळल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. कोंबडीच्या तोंडाकडे कोण बघतं म्हणा, सगळे पायाकडे बघतात.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," अशी म्हण आहे. म्हणीसुद्धा सगळ्या कोंबड्यांच्या नावावर. कोंबडी झाकली तर काय होतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ऐका तर मग.

बुधवारी फोन आला. एकतीसला खूण.

गावात पुन्हा दवंडी. या वेळी मोसम नुकता कुठे सुरू झाला होता. शाळेची तळ्याकाठची सहल रद्द, मैदानावरचे खेळ रद्द, संध्याकाळी धूर सोडणारी गाडी गल्लीबोळांतून. उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि सगळं गाव बंद गळ्याच्या कपड्यांत. बाजारात केशकर्तनालय चालवणारा एक गृहस्थ होता. गावातलं सगळं आधी त्याच्या कात्रीखालून जायचं. तो म्हणाला म्हणे, "कोंबडीला उचकी लागली की आपण दारं लावायची, असंच आता जगायचं का?" लोक हसले, पण बाह्या खाली ठेवल्या. कारण दुसऱ्या मोसमातली आठवण होती. पिंजऱ्याचा शब्द म्हणजे खरा शब्द.

आणि तोच शब्द मी मातीत घातला होता.

डॉक्टरीणबाईंना चैन पडेना. पुढच्या सोमवारी त्या आल्या त्या मोठ्या साहेबांना घेऊनच. साहेब शहरातल्या कचेरीतून उंटावरून शेळ्या हाकणारे. पाणथळीवर ते कडक इस्त्रीच्या पँटमध्ये आले आणि पहिल्याच पावलाला घोट्यापर्यंत चिखलात गेले. त्यांचं तेवढं एक मला आवडलं.

"विचित्र आहे साहेब," डॉक्टरीणबाई पिंजऱ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "सहापैकी एकीलाच खूण, आणि तीही जुनी. लागण नवीन असती तर आधी एक वेगळी, थोडे दिवस टिकणारी खूण दिसली असती. ती नाहीच. ही खूण वर्ष-दोन वर्षांपूर्वीची वाटते. आणि ही कोंबडी आहे सात महिन्यांची!"

"म्हणजे तुमची घंटा खोटी वाजली," साहेब बूट झटकत म्हणाले. "मॅडम, मी कधीचं सांगतोय. या कोंबड्या-बिंबड्या बंद करा. यंत्र बसवू. यंत्र खोटं बोलत नाही. एकदा गावाचा विश्वास उडाला की तुम्ही पुढच्या वेळी गळा फाडून ओरडा, कोणी बाही खाली करणार नाही."

अकरा वर्षं डॉक्टरीणबाईंनी या काठावर डास अंगावर घेतले होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला थकलेला दिसला. साहेबांचं एक मात्र खरं होतं, मित्रांनो. पुढच्या वेळी ताप खरोखर आला आणि गाव हसून बसलं, तर त्याला जबाबदार कोण? त्या पुढच्या रांगेतल्या मुलीला ताप चढला, तर?

मी काकांकडे बघितलं. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. खाई त्याला खवखवे. मी ओरडून सांगितलं, "मी सतरा आहे!" पण माणसांना ते नुसतं "कुक्कूक" ऐकू आलं. भाषेची अडचण.

आणि तेव्हा टाकीपाशी पत्र्याचं झाकण वाजलं. ठण, ठण, ठण.

"म्हाताऱ्येऽऽ!"

चार वाजले नव्हते. सकाळचे दहा वाजले होते. काकू टाकीजवळ उभ्या होत्या, हातात उलथनं, आणि नजर सरळ नवऱ्यावर. तुमची जीभ उचलत नाही तर माझं झाकण बोलेल, अशी ती नजर.

पाच पोरी ढिम्म. मी मात्र वरच्या दांडीवरून उतरले, दाराशी गेले, जाळीला छाती लावली आणि असा काही आवाज काढला की तळ्यावरचे बगळे उडाले. लगबग दाखवली, हो. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तार सोडली, कडी काढली, मला दोन्ही हातांत घेतलं आणि या खेपेला पायाकडे न बघता तोंडाकडे बघितलं. मी त्यांच्या घड्याळावर एकदा चोच मारली.

"सतरा?" त्या म्हणाल्या.

काकांनी खिशात हात घातला आणि पिवळा वाळा बाहेर काढला. "बाई, मुंगसाने नेली हो एकतीस. कडी माझ्याकडून राहिली. मला वाटलं, कोंबडी ती कोंबडी. बावीस वर्षं झाली, पण तुम्ही रक्तात काय बघता ते मी कधी विचारलं नाही."

"आणि मी अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शाळेच्या मुलांना सांगत बसले आणि कोंबडी धरणाऱ्याला सांगायचं राहिलं. शिवाय हिने त्या दिवशीही घड्याळाला चोच मारली होती. मी कागद बघत होते."

"झालं ते झालं," साहेब घाईने म्हणाले. "गावात काही बोलू नका. चार दिवसांनी 'धोका टळला' म्हणून चिठ्ठी काढू. आब राहील."

"नाही साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांगायचं. सगळं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात गाव जमलं. मला टोपलीत घालून नेलं होतं. पायात माझा वाळा. डॉक्टरीणबाईंनी मुंगसापासून घड्याळापर्यंत सगळं सांगितलं. काका शेजारी उभे, मान खाली. त्या म्हणाल्या, "चूक आमची. आता नवा नियम. दोन माणसांनी वाळा आणि तोंड दोन्ही बघायचं. आणि खूण सापडली तर ती नवी की जुनी हे बघून, दुसऱ्यांदा तपासून मगच घंटा वाजवायची."

केशकर्तनालयवाले उठले. "म्हणजे बाई, आम्ही सहा दिवस घामोळं अंगावर काढलं ते या आजीबाईंच्या वयापायी?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नुसतं 'हो'. पुढे पण नाही, परंतु नाही. सभागृह एवढं हसलं की माझी टोपली हलली. मीही अपमान गिळला. माझ्या वयाबद्दल बोलले होते, पण चूक होती, बोलू दिलं.

काकांची नोकरी राहिली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दर सोमवारी रक्ताची तपासणी दाखवायला सुरुवात केली आणि महिन्याभरात काका काकूंना शिकवायला लागले. काकू म्हणायच्या, "कळलं हो! आधी कडी लावा."

पाच आठवड्यांनी फोन आला. तेहतीस आणि छत्तीस. दोघींना खूण.

पुन्हा सभागृह, पुन्हा गाव. साहेब शहरातून आले होते, हाताची घडी घालून मागे उभे. त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज लोक हसले तर या मोसमाअखेर पिंजरा बंद. मला या वेळी नेलं नव्हतं. पुढचं मी काकूंकडून ऐकलं आणि काकू मीठमसाला लावत नाहीत. फार लावत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोनदा तपासलंय. खुणा नव्या आहेत. ताप आलाय."

सगळ्यांच्या माना केशकर्तनालयवाल्यांकडे वळल्या. ते उभे राहिले.

"आजीबाई कुठे आहेत?"

"टाकीखाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नक्की? मी बघून येतो."

आणि मित्रांनो, तो माणूस खरोखर सायकल काढून पाणथळीवर आला. मी खोक्यात बसले होते. तो गुडघ्यावर बसला, आधी माझा पाय बघितला, मग तोंड बघितलं, परत पाय बघितला. मी चोच मारली. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, मग नाकावर.

सभागृहात परत गेला तेव्हा सगळे तसेच बसून होते. साहेबसुद्धा. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "आहे. सतराच आहे, आणि चांगली तिखट आहे. चला उठा, कुंड्या उपड्या करा."

गाव उठलं. त्या मोसमात गावात ताप तिघांना आला आणि तिघेही वेळेवर दवाखान्यात पोचल्यामुळे घरी परतले. पैकी एक केशकर्तनालयवाल्यांचा मेहुणा होता. त्याने बाह्या वर केल्या होत्या. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका, अजून रोज ऐकतोय. साहेबांनी पिंजरा ठेवला. शेजारी यंत्रही बसवलं. ते बरं चालतं, पण त्याला मान ताठ करता येत नाही.

आता मी टाकीखालीच असते. अंडं महिन्याला एखादं, तेही मनात आलं तर. पण सोमवारी डॉक्टरीणबाई आधी माझ्याकडे येतात, तोंडाकडे बघतात, मनगट पुढे करतात आणि म्हणतात, "काय राणी?" मी पोच देते. मगच पिंजऱ्याकडे जातात.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्यासाठी वेशीवर कोणीतरी उभं असतं. कधी कोंबडी, कधी राखणदार, कधी चिखलात बूट घालून अकरा वर्षं उभी राहिलेली बाई. त्यांनी हाक मारली तर बाही खाली करा, कुंडीखालची बशी उपडी करा. हाक चुकली तर त्यांना हसा, हरकत नाही, पण दुसऱ्या हाकेला परत या. तुमची स्वतःची चूक झाली तर 'हो' म्हणा आणि तिथेच थांबा. पायातला आकडा बघा, पण तोंडही बघा.

आणि आता निघताना पिंजऱ्याकडून जाणार असाल, तर कडी नुसती टेकवू नका. लावा, आणि वर तार पिळा. मुंगूस अजून जिवंत आहे, आणि आज सामना आहे.